जुना लॅपटॉप घ्यावा का?

प्रश्न : मुलगी यंदा बीसीएला गेली. नवा लॅपटॉप आम्हाला झेपणार नाही. सोलापुरात एका दुकानदाराने दोन जुने थिंकपॅड दाखवले, टी ४७० आणि टी ४८०. दोन्ही आय-फाइव्ह, ८ जीबी रॅमचे. टी ४७० तीन हजारांनी स्वस्त पडतो. इतका जुना लॅपटॉप घेण्यात अर्थ आहे का?
– एक पालक, बार्शी

उत्तर : आहे. पण टी ४८० घ्या, तीन हजारांकडे पाहू नका. मी रोज जुने लॅपटॉप उघडतो, त्यावरून सांगतो.

'आय-फाइव्ह' एवढ्यावर जाऊ नका, पिढी विचारा. टी ४७० मध्ये सहाव्या किंवा सातव्या पिढीचा, दोन कोअरचा (म्हणजे काम करणाऱ्या दोन भागांचा) प्रोसेसर असतो. टी ४८० २०१८चा. त्यात बहुतेक वेळा आठव्या पिढीचा, चार कोअरचा प्रोसेसर मिळतो. विंडोज १०चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालते. दुकानदार जुन्यावरही ११ टाकून देतात, पण पुढच्या अपडेटची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. मुलगी विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम वापरायला तयार असेल तर टी ४७० वरही सी, जावा, पायथन उत्तम शिकता येईल. कॉलेजने मात्र विंडोजचेच सॉफ्टवेअर मागितले, तर मधल्या मध्ये तिची ओढाताण होईल.

दुकानातच प्रोसेसरचा आकडा बघा : ८२५० किंवा ८३५० हवा, हे आठव्या पिढीचे आय-फाइव्ह. मग लॅपटॉप बंद करून चालू करा आणि एफ-१ दाबून बायोस, म्हणजे विंडोजच्या आधीची मूळ सेटिंग, उघडा. तिथे पासवर्ड मागितला तर कितीही स्वस्त असो, सोडून द्या. हे लॅपटॉप बहुधा कंपन्यांतून आलेले असतात, आणि तो पासवर्ड काढणे आमच्यासारख्यांनाही सोपे नसते. स्क्रीन फुल एचडीच घ्या. १३६६ बाय ७६८च्या स्क्रीनवर कोड वाचताना डोळे शिणतात.

बॅटरी थकलेली असणारच. टी ४८० मध्ये दोन असतात, एक आत आणि एक बाहेरून काढता येणारी, त्यामुळे बाहेरची घरच्या घरी बदलता येते. रॅमचे दोन स्लॉट आहेत, पुढे १६ जीबी करता येईल. 'टी ४८० एस' वेगळा, त्यात थोडी रॅम बोर्डावरच चिकटवलेली असते.

तीन हजार वाचवायचेच असतील तर टी ४८०चाच लहान एसएसडीवाला (फाइल साठवायची जागा कमी असलेला) नग मागा. एसएसडी नंतर बदलता येते, प्रोसेसर नाही.