बंद गिरणीचा भोंगा कोणाला ऐकू येतो?

सप्रेम नमस्कार.

तुमची कथा दोनदा वाचली. लालबागच्या चाळीत, गिरणीला टाळे लागून कित्येक वर्षे उलटल्यावर, एका सकाळी पहिल्या पाळीचा भोंगा पुन्हा वाजतो, ही कल्पना मला इतकी आवडली की तिच्याबद्दल सविस्तर लिहिल्यावाचून राहवत नाही.

भोंगा वाजतो आणि पुढची तीन पाने तुम्ही अख्ख्या चाळीला थक्क करून ठेवता. माणसे गॅलरीत धावतात, एकमेकांना विचारतात, शेजारचे मास्तर शास्त्रीय कारण शोधतात. या गडबडीत भोंगा मागे पडतो आणि वाचकाने किती चकित व्हायचे एवढेच उरते. काफ्काच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रूपांतर’ या कथेतला फिरता विक्रेता ग्रेगोर किडा होऊन जागा होतो आणि थोड्याच वेळात त्याची नजर घड्याळावर जाते: गजर चारचा लावला होता, आता साडेसहा वाजून गेले आहेत, पाचची गाडी चुकली आहे आणि पुढची सातला आहे. शरीर बदलले तरी नोकरीची धास्ती तशीच आहे. त्या धास्तीमुळेच तो किडा खरा वाटतो, कारण ती आपल्या ओळखीची असते.

अशी ओळख आपल्याकडेही आहे. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीला वेतोबाला नवसाच्या मोठाल्या चामडी चपला वाहतात, आणि देव रात्री गावाची राखण करीत हिंडतो म्हणून त्या झिजतात, अशी तिथली श्रद्धा आहे. या श्रद्धेकडे कथाकाराच्या नजरेने पाहा. देवाच्या चालण्याचे वर्णन कोणी करीत नाही. झिजलेला तळवा तेवढा दाखवतात. त्या चपला कोणीतरी शिवलेल्या असतात, कोणीतरी त्यांचे पैसे मोजलेले असतात आणि त्या वाहणाऱ्याच्या मनात घरच्या आजारपणाची किंवा दूर गेलेल्या मुलाची काळजी असते. अद्भुताला असा खर्च आणि अशी झीज असली की ते संसारात मावते. तुमच्या भोंग्याने चाळीतले काहीच झिजत नाही, आणि मला खटकते ते हेच.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की हा भोंगा कोणाचा आहे. जानेवारी १७५८ मध्ये, आजच्या हैतीत, म्हणजे तेव्हाच्या फ्रेंच वसाहतीत, मकांदाल नावाच्या बंडखोर गुलामाला जाहीरपणे जाळण्यात आले. जळताना तो खांबापासून क्षणभर सुटला, ते पाहून जमलेले गुलाम तो वाचला म्हणून ओरडले, आणि तो उडून निसटला ही समजूत पुढे टिकून राहिली. क्युबन कादंबरीकार आलेहो कार्पेन्तिएर यांनी १९४९ च्या कादंबरीत हा प्रसंग घेतला, तेव्हा त्याला पुन्हा धरून आगीत टाकल्याचेही त्यांनी लिहिले आणि गुलाम त्या दिवशी हसत घरी परतल्याचेही. मळेवाल्यांना राख दिसते आणि गुलामांना सुटका. ज्यांच्यापाशी दुसरे काहीच उरलेले नाही, त्यांची ती सुटका आहे, म्हणून लेखक तिला खोडत नाही.

तुमच्या कथेत मात्र भोंगा सगळ्यांनाच ऐकू येतो. गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमधल्या कुटुंबाला तो का ऐकू यावा? १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा ज्यांची पाळी सुटली आणि पुन्हा कधी लागली नाही, त्यांचा हा भोंगा आहे. तुमच्या कथेतले आजोबा गिरणीच्या कोणत्या खात्यात होते, कायम होते की बदली, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी काम करणारे, हे कुठेच येत नाही, ते ठरवा. ते मागावर असतील तर मागांच्या आवाजाने विणकरांचे कान अधू होत, हे ध्यानात घ्या. सुनेने जेवायला मारलेली हाक ज्यांना दोन हातांवरून ऐकू येत नाही, त्या आजोबांनाच भोंगा स्वच्छ ऐकू येतो, असे लिहून पाहा. कथेचा सगळा भार त्या एका कानावर येईल आणि तीन पानांचे आश्चर्य आपोआप गळून पडेल.

याच कारणासाठी साध्या तपशिलांत चूक चालत नाही. पहिल्या पाळीचा भोंगा साडेआठला वाजत नसे. तिथेच जुना लालबागकर पुस्तक मिटेल आणि नंतर तुम्ही कितीही जीव तोडून लिहिलेत तरी तो परत येणार नाही. गिरणगावात वाढलेल्या एखाद्या वृद्धाशेजारी तासभर बसा आणि पाण्याची, नळाची, डब्याची वेळ विचारून घ्या.

शेवटी तुम्ही सारे स्वप्न होते असे सांगून मोकळे झाला आहात. तो परिच्छेद काढा, ही माझी कळकळीची विनंती आहे. वाचकाने भोंग्यावर विश्वास ठेवल्यानंतर तुम्हीच त्याचा हात सोडता.

आजीला तो ऐकू येत नाही असे धरू. आजोबा सदरा चढवताना दिसतात आणि ती काही न विचारता स्टोव्ह पेटवते. डब्यात ती काय भरते आणि जिना उतरून आजोबा कुठपर्यंत जातात, तेवढे लिहून पुढचा खर्डा पाठवा. मी वाट पाहतो आहे.

आपला स्नेहांकित