लहान इंजिनाच्या होडीतून समुद्रात गळ टाकायला जाताना आणीबाणीसाठी बरोबर काय ठेवावं?

तुम्ही चौघे मित्र डिसेंबरात आंजर्ल्याच्या खाडीतून आउटबोर्ड इंजिनाची होडी घेऊन दिवसभर गळ टाकायला जाणार आहात. नेटवर मिळालेली सर्व्हायव्हल किटची यादी पुरेल का, असं तुम्ही विचारलंय. यादी नीट वाचली. फावडं, आग पेटवायचं सामान, बर्फ वितळवायचं भांडं, म्हणजे ती बर्फातून स्नोमोबाइल चालवणाऱ्यांसाठी आहे. तिकडे गाडी बंद पडली की ती जागेवर राहते आणि माणूस थंडीने जातो. आपल्याकडे होडी बंद पडली की ती वाहायला लागते, आणि सगळा धोका तिथून सुरू होतो. त्यातली एकच गोष्ट जशीच्या तशी घ्या: जीव वाचवणारं सामान अंगावर ठेवायचं, गाडीवर नाही. होडी उलटली की पिशवी गेली.

म्हणून लाइफ जॅकेट होडीत ठेवू नका, जेटीवरच घाला आणि परत जेटीवर येऊनच काढा. उकडतं, गळ टाकताना आडवं येतं, हे सगळं खरं आहे, तरी घाला. पडल्यावर लाटांत ते चढवणं फार कठीण असतं. पायांमधून जाणारा पट्टा हवाच, नाहीतर पाण्यात जॅकेट वर सरकून तोंडावर येतं आणि माणूस खाली लोंबतो. जॅकेटला शिटी बांधा. खिशात छोटा आरसा, छोटी विजेरी, आणि वॉटरप्रूफ पाउचमधला फोन दोरीने गळ्यात. आरसा वापरायची रीत घरीच करून बघा: एक हात पुढे करून दोन बोटांच्या फटीत लांबची होडी धरायची आणि आरशाचा कवडसा त्या बोटांवर पाडायचा. ऊन असेल तर ती चमक हाकेपेक्षा कितीतरी लांब जाते.

आता नांगर. माझ्या मते तुमच्या सामानात सगळ्यात महत्त्वाची वस्तू हीच आहे, आणि हौशी लोक नेमकी हीच हलकी घेतात. हिवाळ्यात सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तेव्हा इंजिन गेलं तर होडी बाहेर जात राहते. दुपारनंतर वायव्येचा वारा सुटतो, तो तुम्हाला किनाऱ्यावरच्या खडपांवर नेऊन टाकू शकतो. दोन्ही वेळी उपाय एकच: ताबडतोब नांगर टाकून आहात तिथे थांबा. जिथून हाक मारली तिथेच सापडलात तर शोधणाऱ्यांचं काम फार सोपं होतं. दोर मात्र पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट हवा, म्हणजे 15 मीटर पाण्यात 75 मीटर. नांगराला लागून तीनचार मीटर साखळी असली की तो तळाशी आडवा बसतो. दोराचं दुसरं टोक होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, पक्कं बांधलंय ना, हे निघण्याआधी हाताने ओढून बघा. नांगर मागे इंजिनाच्या बाजूला कधीच बांधायचा नाही, लाटा मागून आत येतात. पाणी खोल असून नांगर लागत नसेल तर एक मजबूत बादली लांब दोराने नाळेवरून सोडा. तिच्या ओढीने नाळ लाटांकडे राहते आणि वाहणं मंदावतं.

मदत मागायचं साधन एकच ठेवू नका. तटरक्षक दलाचा नंबर 1554, सागरी पोलिसांचा 1093, शिवाय 112. तिन्ही सगळ्यांच्या फोनमध्ये हवेत. कॉल लागत नसेल तर मेसेज करा, तो क्षीण रेंजमध्येही कधी कधी निघून जातो. त्यात अक्षांश-रेखांश, माणसं किती आणि होडीचा रंग लिहा. होडी भाड्याची असेल तर मालकाला विचारा, व्हीएचएफ रेडिओ आहे का आणि इस्रोने विकसित केलेलं डॅट, म्हणजे संकटाचा संदेश पाठवणारं यंत्र, आहे का. व्हीएचएफवर संकटासाठी 16 नंबरचा चॅनेल असतो आणि तो आजूबाजूच्या मोठ्या बोटींनाही ऐकू जातो. डॅट उपग्रहामार्फत तटरक्षक दलाला संदेश देतं. तुमच्या यादीतलं परदेशी सॅटेलाइट मेसेंजर मात्र मागवू नका. आपल्या देशात परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा तसलं यंत्र बाळगणं गुन्हा आहे.

हातात धरायचे लाल फ्लेअर, म्हणजे इशाऱ्याच्या ज्योती, आणि दिवसासाठी नारिंगी धूर, दोन्ही घ्या. मुदत छापलेली असते ती बघून घ्या. हातातला फ्लेअर साधारण मिनिटभरच जळतो, म्हणून बोट दिसल्याशिवाय किंवा विमानाचा आवाज आल्याशिवाय पेटवू नका. वारा ज्या बाजूला जातोय त्या बाजूला हात होडीबाहेर लांब धरा, तोंड फिरवा. त्यातून तापलेले थेंब गळतात आणि तुमच्या पायाशी पेट्रोलचा कॅन असतो.

पाणी माणशी चार लिटर, एका मोठ्या कॅनऐवजी छोट्या बाटल्यांत. ओआरएसची पाकिटं, टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट. तहान अनावर झाली तरी खारं पाणी पिऊ नका. यादीतलं थर्मल ब्लँकेटही बरोबर घ्या, भिजलेल्या अंगाने डिसेंबरची रात्र वाऱ्यावर काढायची तर इथेही हुडहुडी भरते. शिवाय इंजिनाचा जादा प्लग, प्लगचा पाना, इंजिनाच्या पंख्याची पिन, धारदार सुरी (पंख्यात जाळं किंवा दोर अडकतोच), पाणी उपसायला डबा आणि दोन वल्ही. पेट्रोलचा हिशेब तिसऱ्या हिश्शाचा: एक जायला, एक यायला, एक शिल्लक.

हवा बघितल्याशिवाय निघू नका. डिसेंबर शांत असतो हे खरं, पण फयान वादळ 11 नोव्हेंबर 2009 ला आलं, तेही मोसम ऐन भरात असताना, आणि तेव्हा समुद्रात असलेले कितीतरी मच्छीमार परतले नाहीत. हर्णै बंदरात तीन नंबरचा बावटा, म्हणजे खराब हवेचा इशारा, लागला असेल तर गळ घरी ठेवा. हवा चांगली असली तरी बोटवाल्यांशी दोन शब्द बोलून घ्या, विशेषतः खाडीच्या मुखाबद्दल. तिथल्या वाळूच्या दांड्यावर ओहोटीचं पाणी बाहेर येताना समोरून वारा असला की लाटा फुटतात आणि लहान होडी आडवी होते. परतीची वेळ भरतीच्या पाण्यावर ठरवा.

ती वेळ, जाण्याची दिशा, होडीचा नंबर आणि चौघांचे फोन कागदावर लिहून किनाऱ्यावरच्या एका जबाबदार माणसाकडे द्या. अमुक वाजेपर्यंत आलो नाही तर 1554 ला फोन करायचा, वाट बघत बसायचं नाही, हे त्याच्याकडून कबूल करून घ्या. आणि होडी उलटलीच तर तिला धरून राहा. किनारा जवळ दिसतो म्हणून पोहत निघू नका. उलटी होडी लांबून दिसते, माणसाचं डोकं दिसत नाही.

होडीची लांबी आणि इंजिन किती हॉर्सपॉवरचं आहे ते कळवा, नांगर किती किलोचा घ्यायचा ते सांगतो.