काटा खरं सांगतोय का? हॉट रॉडच्या डॅशबोर्डाबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रं अमेरिकेतल्या मराठी वाचकांची आहेत. ते साहजिकच आहे, कारण हॉट रॉड, म्हणजे जास्त ताकदीचं इंजिन घालून फेरफार केलेली जुनी गाडी, ही तिकडचीच चीज. एक पत्र पुण्याचं आहे, त्याचं उत्तर शेवटी दिलं आहे.

प्रश्न : माझ्या १९३२ च्या फोर्ड रोडस्टरमध्ये शेवरोलेचं ३५० इंजिन आहे. डॅशबोर्डवर जुन्या स्ट्युअर्ट-वॉर्नर कंपनीच्या मीटरांच्या धर्तीचे, फुगीर काचेचे पाच मीटर बसवले. टाकी काठोकाठ भरली की पेट्रोलचा काटा जेमतेम अर्ध्याच्या वर जातो आणि पेट्रोल संपत आलं की ‘एफ’च्याही पलीकडे. मीटर परत करू का?
– एक वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

उत्तर : परत करू नका. मीटर बहुधा ठणठणीत आहे, टाकीतला सेंडर, म्हणजे तरंगणाऱ्या फ्लोटवरून पेट्रोलची पातळी मीटरला कळवणारा भाग, दुसऱ्या घराण्यातला आहे.

पेट्रोलचा मीटर पेट्रोल मोजत नाही, सेंडरचा रेझिस्टन्स मोजतो. स्ट्युअर्ट-वॉर्नर पद्धतीत टाकी रिकामी म्हणजे २४० ओहम आणि भरलेली म्हणजे ३३ ओहम. जनरल मोटर्सच्या १९६५ नंतरच्या पद्धतीत रिकामी ० आणि भरलेली ९०. आता तुमची लक्षणं जुळवून पाहा. भरलेल्या टाकीचे ९० ओहम तुमच्या मीटरला अर्ध्याच्या थोडं वर वाटतात. रिकाम्या टाकीचं ० हे ३३ पेक्षाही कमी, म्हणून काटा ‘एफ’ ओलांडतो. १९६५ पूर्वीच्या जनरल मोटर्सची जोडी ० ते ३० ची होती आणि फोर्डची जुनी जोडी रिकामी ७३, भरलेली १० अशी. जुन्या बाजारातून सेंडर घेताना डब्यावरच्या नावावर विसंबू नका, मल्टिमीटर लावा.

आधी मीटर तपासा. सेंडरची तार काढा आणि मीटरच्या ‘एस’ (सेंडरच्या) टोकापासून अर्थपर्यंत, म्हणजे गाडीच्या चॅसिसपर्यंत, ३३ ओहमचा रेझिस्टर जोडा. काटा ‘एफ’वर आला पाहिजे. २४० ओहम लावल्यावर ‘ई’वर. दोन्ही बरोबर आलं तर मीटर निर्दोष. मग २४०–३३ चा सेंडर आणा. तो टाकीच्या भोकावरच्या पाच स्क्रूच्या प्रमाणित फ्लँजवर (कड्यावर) बसतो. दांडा तुमच्या टाकीच्या खोलीप्रमाणे कापावा लागतो. त्याची बिजागरी टाकीच्या निम्म्या खोलीवर ठेवा आणि फ्लोट तळापासून साधारण अर्धा इंच वर थांबू द्या. बिजागरी वर सरकली तर टाकीत पेट्रोल शिल्लक असतानाच काटा शून्यावर जाऊन बसतो.

सेंडर बदलूनही काटा नाचत असेल तर अर्थची जोडणी बघा. पावडर कोटिंग केलेली टाकी रबराच्या पट्ट्यांवर बसवली की तिला अर्थच मिळत नाही. फायबरग्लासच्या बॉडीत तर सगळीकडे हीच अडचण. फ्लँजच्या एका स्क्रूखालून वेगळी तार थेट चॅसिसला न्या. इंजिनावरचे तापमानाचे आणि ऑइल प्रेशरचे सेंडर आपल्या आट्यांमधून अर्थ घेतात, त्यांवर टेफ्लॉन टेपची जाड गुंडाळी करू नका.

प्रश्न : टर्बो ३५० गिअरबॉक्स, मागचे टायर २८ इंची. ॲक्सल ३.०८ चा काढून ३.५५ चा टाकल्यापासून ताशी ६० मैलांच्या वेगाला स्पीडोमीटर ६८ दाखवतो. मीटर दुरुस्तीला द्यावा का?
– एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : तो काटा चुकत नाही, त्याला केबल जास्त फिरवून मिळतेय. अमेरिकन यांत्रिक स्पीडोमीटर मैलाला १,००० फेरे धरून बनवलेला असतो. २८ इंची टायर मैलाला सुमारे ७२० फेरे घेतो. गिअरबॉक्समधल्या ड्राइव्ह गिअरला ८ दात आहेत असं धरू, पण उघडून मोजून घ्या. ॲक्सल ३.०८ चा म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्सकडून येणारा दांडा ३.०८ फेरे घेतो. ८ गुणिले ३.०८ गुणिले ७२० भागिले १,००० म्हणजे १७.७, म्हणून आधी १८ दातांचा ड्रिव्हन गिअर (ड्राइव्ह गिअरवर फिरून केबल फिरवणारा) बसवलेला होता. ३.५५ साठी तोच हिशोब २०.४ येतो. १८ दातांवर केबल मैलाला १,१३६ फेरे घेते, ६० ला ६८ दिसणारच.

२० दातांचा गिअर बसवा. मग फेरे १,०२२ होतील आणि ६० ला ६१ दिसेल. २१ दातांचा घेतलात तर काटा ५८ वर राहील. वेग खऱ्यापेक्षा कमी दाखवणारा मीटर ठेवू नये, म्हणून २० च. दातांच्या संख्येप्रमाणे गिअर धरणारी स्लीव्हही बदलते, ती गिअरबरोबरच मागवा.

टायरचा आकार कागदावरून घेऊ नका. टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, चालकाला आत बसवा, गाडी ढकलून चाकाचा एक पूर्ण फेरा घ्या आणि अंतर इंचात मोजा. ६३,३६० ला त्या आकड्याने भागलं की मैलाचे फेरे मिळतात. वजनाखाली दबलेला टायर छापील आकड्यापेक्षा जास्त फेरे घेतो.

हात लावताय तर केबलही बाहेर काढा. सहा इंचांपेक्षा घट्ट वळण कुठेही नको. ग्रीस लावा, पण मीटरकडच्या टोकाचे सहा इंच कोरडे ठेवा. फिरत्या केबलवरून ग्रीस वर चढतं आणि मीटरच्या पोटात जाऊन काटा जड करतं.

प्रश्न : जुना ६० अँपिअरचा अॅमीटर दिसायला देखणा आहे, पण अल्टरनेटर १०० अँपिअरचा बसवलाय. चार्जिंगच्या दिव्याच्या जागी एलईडी लावल्यावर अल्टरनेटर चार्जच करत नाही. दोन्हीचा काही संबंध आहे का?
– एक वाचिका, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : दोन वेगळी दुखणी आहेत. अॅमीटरमधून चार्जिंगचा सगळा प्रवाह जातो, म्हणजे १०० अँपिअरची जाड आणि बहुतेक वेळा फ्यूज नसलेली तार तुमच्या गुडघ्यांसमोर येते. उतरलेली बॅटरी अल्टरनेटर भरू लागला की ६० च्या मीटरची जोडणी तापते. ती आग लागण्याची जागा आहे. तो अॅमीटर शोभेपुरता ठेवा, तारा काढा आणि व्होल्टमीटर बसवा. इंजिन बंद असताना साधारण १२.६, चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले की चार्जिंग ठीक.

एलईडीचं कारण साधं आहे. जनरल मोटर्सच्या जुन्या अल्टरनेटरला सुरू व्हायला दिव्यातून येणारा थोडा प्रवाह लागतो. बल्ब तो देतो, एलईडी जवळजवळ देत नाही. एलईडीला समांतर ५० ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर जोडा. तो तापतो, म्हणून प्लास्टिकपासून दूर ठेवा.

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचे मीटर मिळालेत, काळी तबकडी, तपकिरी पडलेले आकडे. ते उघडून स्वच्छ करून १९२९ च्या फोर्ड मॉडेल ए मध्ये बसवायचे आहेत.
– एक वाचक, सिॲटल

उत्तर : उघडू नका. ते तपकिरी आकडे बहुधा रेडियमच्या रंगाचे आहेत. रंगातलं झिंक सल्फाइड थकल्यामुळे आता ते अंधारात चमकत नाहीत, पण रेडियम-२२६ चं अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षं आहे. किरणोत्सर्ग तेव्हा होता जवळपास तेवढाच आजही आहे. काच शाबूत असताना धोका मर्यादित असतो. खरी भीती खरवडण्याची, पॉलिश पेपर मारण्याची आणि फुंकर घालण्याची आहे, कारण ती धूळ श्वासातून किंवा पोटातून शरीरात गेली की हाडांत बसते. गायगर काउंटरने तपासा. किरणोत्सर्ग आढळला तर राज्याच्या किरणोत्सर्ग नियंत्रण विभागाला विल्हेवाटीबद्दल विचारा. कचऱ्यात टाकू नका.

युद्धानंतर स्वस्त झालेलं विमानांचं सामान हॉट रॉडवाल्यांनी भरपूर वापरलं, त्यामुळे तुमची हौस अस्सल परंपरेतलीच आहे. पण या मीटरांचा उपयोगही तपासा. विमानाच्या ऑइल प्रेशर मीटरची पट्टी पुष्कळदा २०० पीएसआयपर्यंत (पीएसआय हे दाबाचं एकक) असते. तुमच्या इंजिनाचा काटा तिच्या तळाशीच घुटमळेल आणि दहा पीएसआय पडले तरी लक्षात येणार नाही. विजेवर चालणारे बरेच मीटर २४ व्होल्टचे असतात. नव्याने बनवलेले, रेडियम नसलेले त्याच चेहऱ्याचे मीटर घ्या.

मॉडेल ए ची आणखी एक गोष्ट. हिची पेट्रोलची टाकी डॅशबोर्डच्या मागेच, काउलमध्ये (पुढच्या काचेखालच्या भागात) आहे. खोल मीटरांना जागा नाही आणि तिथे ड्रिल चालवणं जिवावर बेतेल. टाकी मागे हलवून १९३२ चा डॅशबोर्ड बसवण्याची रीत त्यातूनच पडली.

प्रश्न : ॲल्युमिनियमच्या पॅनेलवर माशाच्या खवल्यांसारखी गोल नक्षी घरी काढता येईल का?
– एक वाचक, डेट्रॉइट

उत्तर : येईल, आणि सुंदर येईल. ड्रिल प्रेस मात्र हवाच, हातातलं ड्रिल नको. १/१६ इंच जाडीचा पत्रा घ्या, एकाच दिशेने ब्रश फिनिश करा आणि प्लायवुडवर घट्ट बसवा. प्रेसमध्ये अर्धा इंच व्यासाची रबरात बांधलेली ॲब्रेसिव्ह कांडी लावा. नसेल तर लाकडी दांडीला चामडं चिकटवून व्हॉल्व लॅपिंग पेस्ट आणि थोडं तेल वापरा. वेग १,००० आरपीएमच्या आसपास. प्रत्येक ठिपक्यावर एक-दोन सेकंद, सारखाच दाब. पुढचा ठिपका पाव इंचावर, म्हणजे निम्मा आधीच्यावर चढतो. ओळीही पाव इंचाच्या अंतराने.

१० बाय ४ इंचाच्या पॅनेलला ६४० ठिपके होतात. ते एका बैठकीत संपवा. दुसऱ्या दिवशी हाताचा दाब बदलतो आणि तो सांधा उन्हात लगेच दिसतो. टेबलाला लाकडी फेन्स (सरळ आधारपट्टी) लावून त्यावर पाव इंचाच्या खुणा करा, डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका. कांडीचं टोक झिजून गोलसर झालं की ठिपक्याची कड पुसट होते, म्हणून दर दोन-तीन ओळींनी टोक सपाट करा. आधी टाकाऊ पत्र्यावर पन्नास ठिपके काढा.

भोकं नक्षीनंतर पाडा. आधी पाडली तर कांडी त्यांच्या काठावर कलते आणि नक्षी फाटते. वरून मास्किंग टेप लावा आणि २-१/१६ व ३-३/८ इंचाच्या होल सॉने, रॉकेलचे थेंब सोडत, सावकाश कापा. मीटर अडकला तर सॉ पुन्हा घालू नका, कानशीने थोडंथोडं काढा. शेवटी ॲसिटोनने पुसून पातळ क्लिअर कोटचे दोन हात द्या. बोटाचा एक ठसा राहिला तरी तो कोटाखाली कायमचा अडकतो.

प्रश्न : आजोबांची १९४६ ची फोर्ड आहे, ६ व्होल्टची. १२ व्होल्ट करून हॉट रॉडचे मीटर बसवावेत असं मुलगा म्हणतो.
– एक वाचक, पुणे

उत्तर : आमचं मत स्पष्ट आहे : बसवू नका. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे गाडीत मोठे फेरफार करता येत नाहीत. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला ‘विंटेज’ म्हणून ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो, पण चॅसिस, बॉडी शेल आणि इंजिनात मोठे बदल झालेले नसावे लागतात. मीटर त्या यादीत येत नाहीत, तरी मूळ डॅशबोर्ड गेला की गाडीचं मोल जातं.

दिवे लावल्यावर काटे पडतात हीच तक्रार असेल तर आधी बॅटरीच्या केबल बघा. ६ व्होल्टला तेवढ्याच कामासाठी दुप्पट प्रवाह लागतो आणि पुष्कळ गाड्यांत १२ व्होल्टच्या बारीक केबल लावलेल्या आढळतात. शून्य नंबरच्या जाड केबल घाला, इंजिन ते चॅसिस अर्थची पट्टी नवी करा, प्रत्येक अर्थ पत्र्यापर्यंत घासून घ्या. या गाडीत पॉझिटिव्ह टोक अर्थला असतं, मेकॅनिकला ते आधीच सांगा. तरीही १२ व्होल्ट करायचेच ठरलं तर पेट्रोल आणि तापमानाच्या मूळ मीटरांना व्होल्टेज कमी करणारा रिड्यूसर लावल्याशिवाय चावी फिरवू नका. त्यांच्यातली बायमेटल (दोन धातूंची) पट्टी ६ व्होल्टवर तापण्यासाठी बनवलेली आहे, १२ वर ती जळते.