इलेक्टोरल कॉलेजच्या, म्हणजे अध्यक्ष निवडणाऱ्या राज्यवार निर्वाचकांच्या मंडळाच्या, जोरावर निसटता विजय मिळवलेल्या अमेरिकी अध्यक्षाला जनादेश मिळाला, असे म्हणता येते का?

नाही. त्याला सत्ता मिळते आणि ती पूर्णपणे कायदेशीर असते. परंतु सत्ता म्हणजेच जनादेश, हे म्हणणे मी २०१६ च्या डिसेंबरपासून कोणाकडूनही ऐकून घेतलेले नाही.

त्या वर्षी विस्कॉन्सिनमध्ये सुमारे तीस लाख मतांपैकी तेवीस हजारांहूनही कमी मतांच्या फरकाने डोनाल्ड ट्रम्प जिंकले होते आणि ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांच्या मागणीवरून संपूर्ण राज्यात फेरमोजणी झाली. मी तेव्हा मॅडिसनमध्ये राहत होतो. नागरिकत्व मिळून दोन वर्षेही झाली नव्हती. मॅडिसन ज्या जिल्ह्यात येते, त्या डेन काउंटीने हाताने मोजणी करण्यासाठी तात्पुरती माणसे घेतली, तेव्हा मी रजा टाकून गेलो. मोहोरबंद पिशवीवरचा क्रमांक नोंदीशी ताडून पाहायचा, मतपत्रिकेवर केंद्रावरील दोन कर्मचाऱ्यांची आद्याक्षरे आहेत की नाहीत हे तपासायचे, उमेदवारवार ढीग लावायचे आणि दोघांनी स्वतंत्रपणे मोजलेला आकडा जुळला तरच पुढे जायचे, असे ते काम होते. दोन्ही बाजूंचे निरीक्षक खुर्च्या पुढे ओढून आमच्या बोटांकडे पाहत असत. एका मतपत्रिकेवर अध्यक्षपदाची जागा कोरी होती आणि त्याखालच्या प्रत्येक पदासाठी मात्र पेनाने गच्च काळे करून मत दिलेले होते. दुसरीवर एक नाव काळे करून, मग खोडून, दुसरे काळे केलेले होते. ती हातात धरून मी बराच वेळ पाहत राहिलो. बाकीच्या हजारो मतपत्रिका अगदी एकसारख्या होत्या. कोणी कारखान्यातल्या नोकऱ्यांसाठी मत दिले असेल, कोणी सर्वोच्च न्यायालयातील रिकाम्या जागेसाठी, कोणी केवळ समोरचा उमेदवार नको म्हणून. पण काळा ठिपका सर्वांचा सारखाच. ‘का’ हे लिहायला मतपत्रिकेवर जागा नसते.

मी मूळचा सिंधुदुर्गातला. आमच्याकडे देवाला कौल लावताना आधी गाऱ्हाणे घालून एकच नेमका प्रश्न विचारतात आणि मगच कळी उजवी पडली की डावी, हे पाहतात. निवडणुकीच्या निकालालाही आपली वर्तमानपत्रे कौल म्हणतात. पण तिथे विचारलेला प्रश्न ‘हा की तो’ एवढाच असतो. त्याच्या उत्तरावरून मेक्सिकोच्या सीमेवर भिंत बांधावी का, ओबामांची आरोग्य विमा योजना मोडावी का, यांची उत्तरे काढणे म्हणजे न विचारलेल्या प्रश्नाचा कौल सांगणे होय.

त्याच नाताळात आम्ही न्यू जर्सीला माझ्या साडूंकडे गेलो होतो. जेवताना ते म्हणाले, “३०४ विरुद्ध २२७ निर्वाचक मते. स्पष्ट जनादेश आहे. हरलेल्यांनी आता मोजत बसावे.” सगळ्यांसमोर बोललेले ते वाक्य मला फार लागले, कारण मी कोणाच्याही बाजूने मोजायला गेलो नव्हतो. फेरमोजणीत ट्रम्प यांचीच आघाडी १३१ मतांनी वाढली होती आणि ती वाढवणाऱ्या हातांमध्ये माझेही हात होते.

साडूंचा तो आकडा फसवा का आहे, हे तुम्ही नीट समजून घ्या. ५० पैकी ४८ राज्यांत जो पहिला येतो, त्याला त्या राज्याची सगळीच निर्वाचक मते मिळतात. त्यामुळे फरक फुगतो. रेगन यांना १९८० मध्ये ५०.७ टक्के मते पडली आणि निर्वाचक मते ५३८ पैकी ४८९ मिळाली. २००० मध्ये फ्लोरिडातील ५३७ मतांवर अध्यक्षपद ठरले. २०१६ मध्ये देशभरात २८ लाखांहून अधिक मतांनी मागे राहिलेला उमेदवार तीन राज्यांतील मिळून ७८ हजारांच्या आत असलेल्या आघाडीवर जिंकला. धाकट्या बुश यांनी २००४ च्या विजयानंतर आपण राजकीय भांडवल कमावले असून ते खर्च करणार, असे जाहीर केले. मग सोशल सिक्युरिटी या सरकारी निवृत्तिवेतन योजनेचे अंशतः खासगीकरण हाती घेतले, तर स्वतःच्या पक्षाचे बहुमत असूनही काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, ते मतदानापर्यंतसुद्धा पोहोचले नाही.

हे एकाच पक्षाला लागू आहे, असे मात्र समजू नका. २०२० मध्ये बायडन यांना ७० लाखांहून अधिक मतांची आघाडी होती, तरी ॲरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन मिळून जेमतेम ४३ हजार मतांची आघाडी नसती, तर निर्वाचक मतांची बरोबरी झाली असती; त्या वेळी जनादेशाची भाषा करणारे माझे मित्रही चुकत होते. २०२४ मध्ये ट्रम्प यांच्या दीड टक्क्याच्या फरकाला ‘अभूतपूर्व जनादेश’ म्हटले गेले, तेही चूकच. निवडून आलेल्याने आपली आश्वासने पाळू नयेत, असे माझे म्हणणे नाही. त्यासाठी राज्यघटनेने दिलेला अधिकार पुरेसा आहे.

कोणी तुम्हाला निर्वाचक मतांचा आकडा तोंडावर फेकला, तर त्याचे स्वतःचे मत कोणत्या राज्यात पडले, हे आधी विचारा. मी त्या रात्री विचारायला हवे होते. न्यू जर्सीची चौदाच्या चौदा निर्वाचक मते २०१६ मध्ये ट्रम्प यांच्या प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटन यांना गेली. साडूंनी मत ट्रम्प यांना दिले होते. ज्या ३०४ चा ते आजही अभिमान बाळगतात, त्यांत त्यांचे मत कुठेच नाही.