कॉनी मॅक इतके सामने हरूनही ५० वर्षं बेसबॉल संघाचे मॅनेजर कसे राहिले?

कारण त्यांना काढणार कोण? अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्स या संघाचे ते १९०१ पासून १९५० पर्यंत मॅनेजर (म्हणजे मुख्य प्रशिक्षक) होते आणि सुरुवातीपासून संघात त्यांची मालकीही होती. मेजर लीगच्या (अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेच्या) नोंदींत सर्वाधिक विजय त्यांचेच (३,७०० हून जास्त) आणि सर्वाधिक पराभवही त्यांचेच (३,९०० हून जास्त). पैशाची चणचण आली की ते चांगले खेळाडू सरळ विकून टाकत. १९१४ ला वर्ल्ड सिरीज (हंगामाअखेरची अजिंक्यपदाची लढत) हरल्यावर त्यांनी तो जिंकणारा संघ मोडला आणि १९१६ मध्ये ३६ विजय, ११७ पराभव! दुसऱ्या कुठल्या मॅनेजरला असल्या हंगामानंतर कुणी ठेवलं नसतं.

पण नुसत्या मालकीवर टिकले म्हणणंही अन्यायाचं. १९१०, १९११, १९१३, १९२९ आणि १९३० अशा पाच वर्ल्ड सिरीज त्यांनी जिंकल्या, १९३७ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलमधल्या दिग्गजांच्या सन्मान-यादीत) निवडले गेले. स्वतः जुने कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारे खेळाडू), तरी डगआउटमध्ये (मैदानालगतच्या संघाच्या बाकांवर) गणवेश नाही, सूट-टाय घालून बसायचे आणि हातातलं स्कोअरकार्ड हलवून क्षेत्ररक्षकांना जागा दाखवायचे. ८७ व्या वर्षी पायउतार झाले, तोवर संघाचा ताबा मुलांकडे गेला होता.