मेल सर्व्हरवरील स्पॅमची चाळणी

प्रश्न : आमच्या कंपनीच्या पोस्टफिक्स मेल सर्व्हरवर स्पॅमअसॅसिन हा स्पॅम ओळखणारा प्रोग्राम बसवल्यापासून नको असलेले मेल कमी झाले, पण ग्राहकांचे काही मेलही अडकू लागले. गुणांची मर्यादा वाढवावी का?

उत्तर : मर्यादेला इतक्यात हात लावू नये. स्पॅमअसॅसिन प्रत्येक मेलला अनेक कसोट्यांवर गुण देते आणि त्यांची बेरीज मूळच्या ५ या मर्यादेला पोहोचली की त्यावर स्पॅमचा शिक्का मारते. तो मेल अडवायचा, वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायचा की पुसायचा, हे मात्र आपण केलेल्या जोडणीवर ठरते. म्हणून काही आठवडे केवळ शिक्का मारून मेल पुढे जाऊ द्यावेत आणि चुकीने अडकलेल्यांच्या हेडरमध्ये, म्हणजे मेलच्या सुरुवातीच्या तांत्रिक नोंदींमध्ये, कोणत्या नियमाने किती गुण दिले ते वाचावे. दोष पुष्कळदा एखाद-दुसऱ्या नियमाचाच निघतो.

स्पॅमअसॅसिनमधली बेझ पद्धतीची, म्हणजे आधी दाखवलेल्या मेलवरून स्पॅमची शक्यता ठरवायला शिकणारी चाळणी मुळात किमान २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल दाखवल्याशिवाय कामाला लागत नाही. अनेक जण उत्साहाने तिला फक्त स्पॅमच दाखवत राहतात. ग्राहकांचे जुने मेलही आवर्जून दाखवावेत.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. मेल एकदा स्वीकारल्यानंतर तो नाकारल्याचे उत्तर पाठवू नये, कारण स्पॅममधला प्रेषकाचा पत्ता बहुधा खोटा असतो आणि ते उत्तर तिसऱ्याच निरपराध माणसाच्या माथी बसते. नाकारायचेच असेल, तर एसएमटीपीचा, म्हणजे मेल देणाऱ्या व घेणाऱ्या सर्व्हरमधला संवाद चालू असतानाच नाकारावे.