दरोडा, घरफोडी, चोरी : मामाच्या बंद घराचं काय झालं?

प्रश्न असा आला आहे : ‘मामाच्या बंद घरातून दागिने गेले. पोलिसांच्या कागदावर “घरफोडी” लिहिलं आहे, दुसऱ्या दिवशीच्या बातमीत “दरोडा” छापून आलं आणि शेजारीपाजारी नुसतं “चोरी” म्हणतात. तिन्ही शब्द एकाच अर्थाचे आहेत का? शिवाय कुलूप तुटलेलं नव्हतं, चावीने उघडलेलं होतं. मग त्याला घर “फोडणं” कसं म्हणायचं?’

पोलिसांचा शब्द बरोबर आहे, शेजाऱ्यांचाही बरोबर आहे. चुकला तो बातमीतला.

आपण बोलताना ‘दरोडा’ म्हणजे मोठी चोरी असं धरून चालतो. पाच हजार गेले तर चोरी, पाच लाख गेले तर दरोडा. कायद्यात मात्र दरोडा ठरतो तो माणसांच्या संख्येवर. पाच किंवा अधिक जणांनी मिळून जबरी चोरी केली, किंवा तसा नुसता प्रयत्न केला, तरी तो दरोडा. त्यात हात उगारणारे दोघेच असले आणि बाकीचे तिथे हजर राहून त्यांना मदत करत असले तरी तेही पाचात मोजले जातात. १८६०च्या भारतीय दंड संहितेत ही व्याख्या कलम ३९१ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती कलम ३१० मध्ये आली. आकडा पाचच राहिला. म्हणून ‘बँकेवर सशस्त्र दरोडा, दोघे पसार’ हा मथळा कायद्याच्या भाषेत उभाच राहत नाही. दोघांनी पिस्तूल दाखवून कोट्यवधी नेले तरी ती जबरी चोरी. उलट पाच जणांनी वाटेत अडवून, मारहाण करून कुणाचे दोनशे रुपये काढून घेतले तर तो दरोडा.

‘दरोड्याच्या तयारीतील टोळी जेरबंद’ ही बातमी तुम्ही अनेकदा वाचली असेल. एरवी गुन्ह्याच्या नुसत्या तयारीला सहसा शिक्षा नसते. दरोडा त्याला अपवाद आहे : तयारी करणं हा स्वतंत्र गुन्हा आणि त्यासाठी जमणं हा आणखी वेगळा.

मला यात आवडतं ते हे की मराठीच्या क्रियापदांनी ही घोळक्याची जाणीव आधीपासून जपली आहे. चोरी होते, घर फोडलं जातं, खंडणी मागितली जाते. पण दरोडा ‘पडतो’. तशीच धाड पडते. धाड हा शब्दही मुळात लुटारूंच्या टोळीचा आणि तिच्या हल्ल्याचा. आज धाड टाकतात ते आयकर खात्याचे अधिकारी, पण ‘तुला काय धाड भरली आहे?’ या घरगुती वाक्यात जुन्या भीतीचा अंश अजून उरला आहे. एकटा माणूस ‘पडत’ नाही, टोळी पडते.

आता जबरी चोरी. ‘जबरी’ अरबी ‘जब्र’वरून आलेला, बळजबरी, जबरदस्ती यांच्या कुळातला. (पुण्याकडची तरुण मुलं एखादी गोष्ट फार आवडली की ‘जबरी!’ म्हणतात, तो हाच.) चोरी करताना, किंवा चोरलेला माल घेऊन जाताना, कुणाला इजा केली, अडवून धरलं किंवा तिथल्या तिथे मारण्याची भीती घातली, की चोरीची जबरी चोरी होते. म्हणजे समोर माणूस हवा. मामाचं घर रिकामं होतं. घाबरवायला कुणी नव्हतंच, तेव्हा ती जबरी चोरी नाही, आणि जबरी चोरीच नाही म्हटल्यावर चोर पाच असोत की पंचवीस, तो दरोडाही नाही. बातमी चुकली ती इथे.

जबरी चोरी आणि खंडणी यांतली सीमा समजून घ्यायला दंड संहितेतच दिलेले दोन दाखले फार बोलके आहेत. रस्त्यात एकाने तुमचं मूल उचललं आणि ‘पैशाची थैली दे, नाहीतर याला कड्यावरून फेकतो’ म्हणाला : ही जबरी चोरी, कारण गुन्हेगार समोर आहे आणि धोका त्या क्षणाचा आहे. दुसऱ्याने निरोप धाडला, ‘मूल आमच्या टोळीच्या ताब्यात आहे, दहा हजार पाठव, नाहीतर मारू’ : ही खंडणी. भीती तीच, पण आत्ताची नाही. कायद्याच्या मराठी पाठात या गुन्ह्याला ‘बलाद्ग्रहण’ म्हटलं आहे. हा शब्द मी कुणाच्याही तोंडून कधी ऐकला नाही. लोकांनी खंडणीच धरून ठेवली आणि ते योग्यच केलं.

खंडणीची गोष्ट मात्र थोडी थांबून सांगण्यासारखी आहे. हा शब्द जन्माने गुन्हेगार नाही. ‘खंडून देणं’ म्हणजे रक्कम एकदाची ठरवून, ठोक देणं. आजही खेड्यात जमीन ‘खंडाने’ कसायला देतात, तो हाच खंड. एका सत्तेने दुसरीला ठरवून द्यायची रक्कम ती खंडणी, असा तिचा राजकारणातला वापर होता. इतिहासात खंडणीचा उल्लेख आला की आजच्या टोळीची खंडणी डोळ्यांसमोर आणून वाचू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. शब्द तोच, पण मधल्या काळात त्याचा हुद्दा घसरला.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा : कुलूप शाबूत, मग घरफोडी कशी? मराठीत ‘फोडणं’ हे फक्त भिंतीपुरतं कधीच नव्हतं. आपण नारळ फोडतो, पेपर फोडतो, पक्ष फोडतो, भावाभावांत भांडणं लावून घरही फोडतो. कायद्यातली घरफोडीही अशीच ऐसपैस आहे. गुन्हा करण्याच्या इराद्याने माणूस घरात शिरतो, किंवा शिरल्यावर बाहेर पडतो, त्याच्या सहा तऱ्हा तिथे सांगितल्या आहेत. भगदाड पाडून शिरणं ही त्यातली एक. खिडकीसारख्या माणसाने ये-जा करण्यासाठी नसलेल्या वाटेने येणं, भिंतीवर चढून येणं, कुलूप उघडून येणं, दांडगाई करून येणं हेही त्यात आहे. घरमालकाची हरवलेली चावी सापडली आणि तिने दार उघडून कुणी आत शिरला, तर ती घरफोडीच, असा दाखला संहितेने स्वतः दिला आहे. जणू मामाचंच घर समोर ठेवून लिहावा तसा. आणखी एक : घरफोडीत काही चोरीला जायलाच हवं असं नाही. आत शिरताना गुन्ह्याचा इरादा असला की पुरे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी झाली तर शिक्षा वाढते, म्हणून फिर्यादीत वेळ नीट नोंदवतात.

शब्दाचा हा कीस कुणाला निव्वळ हौस वाटेल, पण त्यावर पैसे मिळतात किंवा बुडतात. चोरीच्या विम्याच्या अनेक पॉलिसींत ‘बळाने, मोडतोड करून प्रवेश’ अशी अट असते, आणि तशी अट असेल तर ती शब्दशः पाळली गेली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये म्हटलं. म्हणजे पोलिसांच्या लेखी जी घरफोडी, ती विमा कंपनीच्या लेखी असेलच असं नाही. मामांनी पॉलिसी काढली असेल तर तिच्यातली व्याख्या आधी वाचावी.

शेजाऱ्यांच्या ‘चोरी’बद्दल. हा सगळ्यात साधा शब्द, पण त्याच्याही पोटात गंमती आहेत. चोरी होते ती जंगम वस्तूची आणि दुसऱ्याच्या ताब्यातून. मालकी कुणाची हा पुढचा प्रश्न. घड्याळ दुरुस्तीला दिलं, पैसे चुकते केले नाहीत, आणि दुकानदाराने त्यापोटी ठेवून घेतलेलं ते घड्याळ तुम्ही गुपचूप उचलून आणलं, तर स्वतःच्याच घड्याळाची चोरी तुमच्यावर लागू शकते. उलट रस्त्यात बेवारस पडलेली अंगठी उचलली तर ती चोरी नाही, कारण ती कुणाच्या ताब्यातच नव्हती. ती अप्रामाणिकपणे वापरली तर अपहार. जमिनीत रुजलेलं झाड चोरता येत नाही. तोडून जमिनीपासून वेगळं केलं की येतं. गळ्यातली साखळी झटक्यात ओढून पळणं पूर्वी कधी चोरीत, कधी जबरी चोरीत बसवावं लागे. नव्या संहितेत हिसकावण्याला कलम ३०४ हे स्वतंत्र घर मिळालं.

अपहारावरून अफरातफर आठवली. मूळ अरबी जोडी ‘इफ्रात-तफ्रीत’, म्हणजे अति आणि उणं. हिंदीत तिची ‘अफरा-तफरी’ होऊन अर्थ पळापळ, गोंधळ असा झाला. मराठीने ती थेट जमाखर्चाच्या वहीत नेऊन बसवली. हिंदी बातमीवरून मराठी करताना इथे हमखास घसरायला होतं.

एक शब्द मात्र मी लिहिताना टाळतो आणि तुम्हीही टाळावा असं मनापासून वाटतं : ‘भामटा’. मथळ्यांत तो रोज दिसतो. पण महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत भामटा हे एका समाजाचं नाव आहे, आणि त्याच नोंदीत ‘उचले’ही आहेत. १८७१च्या कायद्याने इंग्रजांनी अनेक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण भाषेतून तो शिक्का गेलेला नाही. ‘ठग’ हाही असाच भूतकाळ घेऊन येतो. ‘चोरटा’, ‘फसवणारा’, ‘संशयित’ हे शब्द हाताशी आहेत आणि त्यांनी काम अडत नाही.

तेव्हा मामांच्या कागदावर ‘घरफोडी करून चोरी’ असं दोन्ही असेल तर ते पूर्ण आहे. नसेल तर पुरवणी जबाबात दुसरी चावी कुणाकुणाकडे होती आणि घर शेवटचं कुलूपबंद केव्हा केलं, एवढं लिहून द्यायला सांगा.